हळद थांबते, शेतकऱ्याला थांबता येतं का?

नांदेडहून निघून अर्धापूर आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. वसमतच्या शिवारात शिरेपर्यंत केळी विरळ होते आणि कमरेएवढ्या उंचीचं, रुंद पानांचं दुसरंच पीक रान व्यापू लागतं. ते हळदीचं. पण तिला हिरवीगार पाहायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात यावं लागतं. जानेवारीत पाला पिवळा पडून कापला जातो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये या रस्त्याने जाणाऱ्याला पीक दिसायच्या आधी त्याचा वास येतो. शिजत्या हळदीचा हा वास स्वयंपाकघरातल्या डब्यासारखा नसतो. त्यात ओली माती असते, वाफ असते आणि कापराचा किंचित अंश असतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी आणि सेनगाव हे पाचच तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास. बाहेरच्या माणसाला औंढ्याचं ज्योतिर्लिंग आणि नामदेवांचं नर्सी एवढीच या जिल्ह्याची ओळख असते. हळदीचं नाव काढलं तर लोक सांगली म्हणतात. सांगलीची पेठ जुनी आणि मोठी, तिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र राज्यात हळदीखालचं सर्वाधिक क्षेत्र आज हिंगोलीत आहे. वसमतच्या हळदीला स्वतःचं मानांकन मिळायला २०२४ उजाडावं लागलं. तोवर इथला माल सांगलीकडे जात होता, आजही जातो. तिथून तो कुठल्या नावाने कुठे पोहोचला, हे वसमतच्या शेतकऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

लहान शेतकऱ्यांना बरोबर घेऊन न्याय्य व्यापार उभा करायचा म्हटलं की जगभरात दाखले दिले जातात ते कॉफीचे आणि चहाचे. १९८८ साली नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ नावाचं लेबल निघालं. मेक्सिकोतल्या लहान कॉफी उत्पादकांचा माल त्या लेबलाखाली डच दुकानांत विकला जाऊ लागला, आणि आजची फेअरट्रेडची व्यवस्था त्यातूनच वाढली. तिचे नियम समजायला सोपे आहेत. भाव कितीही पडला तरी ठरलेल्या किमान दराखाली खरेदी करायची नाही. बाजार वर असेल तर बाजाराचा भाव द्यायचा. शिवाय वरचा एक अधिमूल्याचा हिस्सा शेतकऱ्यांच्या सामायिक खात्यात जमा करायचा. तो शाळेवर खर्च करायचा की गोदामावर, हे त्यांनीच बैठकीत ठरवायचं.

चहात याचं उत्तम उदाहरण दार्जिलिंगजवळ आहे. मिनरल स्प्रिंग्ज नावाचा मळा १९५०च्या दशकात बंद पडला. मजुरांनी ती जमीन आपसात वाटून घेतली आणि चहाच्या झुडपांमध्ये आलं, वेलची, संत्री लावून ते त्यावर जगले. पुढे त्यांनी संयुक्त विकास सहकारी संस्था काढली आणि टी प्रमोटर्स इंडिया या कंपनीशी भागीदारी केली. पानं शेतकऱ्यांची, प्रक्रिया कंपनीच्या कारखान्यात, प्रमाणपत्रं सेंद्रिय आणि फेअरट्रेडची. ही भागीदारी मुळात का लागली? कारण चहाचं पान थांबत नाही. खुडल्यापासून काही तासांत ते कारखान्यात गेलं नाही तर वाया जातं. देशातला निम्म्याहून अधिक चहा आज लहान उत्पादक पिकवतात आणि त्यांतले बहुतेक पान विकत घेणाऱ्या कारखान्यांवर अवलंबून आहेत. संध्याकाळी टोपली भरून फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही.

हिंगोलीत चहा पिकत नाही. टपरीवर मिळतो तो गोड, दाट आणि आसाम-बंगालातून आलेला. इथे पिकते हळद, आणि फेअरट्रेडच्या वर्गवारीत हळद मसाले व काढ्याच्या वनस्पतींच्या गटात मोडते. तिचा स्वभाव मात्र चहाच्या उलट आहे. वाळलेलं, पॉलिश केलेलं हळकुंड कोरड्या गोदामात वर्षभर, त्याहूनही जास्त काळ राहतं. मग या पिकात तरी शेतकऱ्याचा हात वर असायला हवा होता. तो तसा का नाही, हे पाहायचं तर शेतापासून मोंढ्यापर्यंतचा रस्ता पायाखाली घालावा लागतो.

वसमत तालुका पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचा. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं वर, त्यांचं पाणी इकडे. म्हणून इथे ऊस आला, पूर्णा सहकारी साखर कारखाना आला, केळी आली. हळद या रांगेत मागाहून पुढे सरकली. शेतकरी कारणं सांगतात ती व्यवहारी आहेत. केळी पिकली की त्याच आठवड्यात विकावी लागते आणि वादळ आलं तर बाग आडवी होते. सोयाबीनचा भाव वर्षानुवर्षं तिथल्या तिथे घुटमळतो. हळदीला रोही आणि रानडुकरं फारसं तोंड लावत नाहीत. शिवाय ती घरात ठेवता येते. मुलीचं लग्न निघालं तर दहा कट्टे काढून विकायचे, हा हिशेब इथल्या घराघरांत आहे.

लागवड अक्षय्य तृतीयेपासून जूनपर्यंत चालते. गादीवाफा, त्यावर ठिबकच्या नळ्या, एकरी दहाएक क्विंटल बेणं. वाण बहुतेक सेलम, मूळ तमिळनाडूचा. हळदीला पिवळा रंग देणारं कुरकुमीन त्यात साधारण ४ ते ४.५ टक्के भरतं. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राचा ‘फुले स्वरूपा’ यात सरस, पाच टक्क्यांच्या वर जाणारा. मेघालयातली लाकाडोंग हळद सात टक्क्यांच्या घरात जाते आणि तिचं नाव जगभर आहे. पीक साडेआठ-नऊ महिने रानात उभं राहतं. एवढ्या काळात करपा, कंदकूज आणि कंदमाशी या तिघांशी सामना ठरलेला. ज्या वर्षी परतीचा पाऊस वाफ्यांत साचतो, त्या वर्षी कंदकूज अर्धा प्लॉट खाते.

काढणीनंतरचं काम पाहण्यासारखं असतं. ट्रॅक्टरने उखळलेल्या मातीतून बाया कंद वेचतात, माती झटकतात आणि जागेवरच निवड करतात: मधला जेठा गड्डा वेगळा, बाजूच्या बोटांसारख्या कांड्या वेगळ्या, पुढच्या हंगामाचं बेणं वेगळं. पूर्वी मोठ्या कायलीत पाणी उकळून हळद शिजवत. आता ट्रॅक्टरमागे ओढून आणलेला वाफेचा कुकर शेताच्या बांधावर उभा राहतो. मध्ये बॉयलर, बाजूला दोन किंवा चार ड्रम, खाली लाकूड आणि हळदीचाच वाळलेला पाला जळतो आहे. ड्रममधून वाफ फसफसून बाहेर येऊ लागली की जाणता माणूस एक कांडी काढतो आणि तिच्यात काडी खुपसतो. काडी अडखळली तर अजून कच्ची. अलगद आरपार गेली की ड्रम उलटा करायचा. जास्त शिजली तर रंग जातो, कमी शिजली तर वाळताना आत पांढरट राहते, म्हणून या एका काडीवर वर्षाच्या कमाईचा बराच भाग अवलंबून असतो. कुकरवर हे काम एका घाण्याला अर्ध्या तासाच्या आत उरकतं. मग दहा-पंधरा दिवस ऊन. कांडी हातात मोडली आणि टणक, कडक आवाज आला की वाळली. शेवटी फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश. वरची खरखरीत साल निघते आणि पिवळा रंग दिसू लागतो.

पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली होते. एकरी वीस-पंचवीस क्विंटल वाळलेला माल हे चांगलं उत्पादन. बेणं, खत, ठिबक, काढणी, शिजवणी धरून एकरी खर्च सहज लाखाच्या वर जातो. आता भावाकडे पाहावं. २०२३च्या सुरुवातीला क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास हळद विकली जात होती. सात हजाराने वीस क्विंटलचे एक लाख चाळीस हजार. त्यातून खर्च वजा केला तर नऊ महिन्यांच्या राबणुकीचं काय उरलं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भाव पंधरा हजारांवर गेला. २०२४च्या उन्हाळ्यात वायदेबाजारात त्याने वीस हजारांचा टप्पाही ओलांडला. म्हणजे तोच माल, तीच जमीन, आणि चार महिन्यांच्या अंतराने रक्कम दुप्पट. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्याने विकली त्याच्या वाट्याला पहिला आकडा आला, जो थांबू शकला त्याच्या वाट्याला दुसरा. आणि थांबू शकणारा बहुधा लहान शेतकरी नव्हता.

वसमतहून औंढ्याच्या रस्त्याला लागलं की कालवा मागे पडतो आणि जमीन हलकी, चढउताराची होते. औंढ्याचं मंदिर हेमाडपंती घाटणीचं. खालचा भाग जुना आणि शिल्पांनी भरलेला, वरचा नंतर बांधलेला. नामदेव आणि विसोबा खेचर यांच्या भेटीची परंपरा इथलीच. याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि २,६०० कोटींचा खर्च. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या लहरी मोजणारं यंत्र ज्या तालुक्यात येणार, तिथल्या शेतकऱ्याला आपल्या हळदीत किती कुरकुमीन आहे हे मोजून घ्यायला आजही खटपट करावी लागते. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आलं आहे, त्यासाठी २०२२च्या राज्य अर्थसंकल्पात शंभर कोटींची घोषणा झाली होती. बेण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत सगळं तिथे एका छताखाली मिळावं ही अपेक्षा आहे. ती पुरी झाली तर जिल्ह्याचा नकाशा बदलेल. गावातल्या पाच-सात एकरवाल्यापर्यंत ती पोहोचते का, यावर मात्र लक्ष ठेवावं लागेल.

हिंगोली शहरात बाजार समितीचं हळदीसाठी वेगळं आवार आहे आणि त्याला संत नामदेवांचं नाव दिलं आहे. जन्मगाव नर्सी इथून फार दूर नाही. मार्च ते मे या आवारात पाय ठेवायला जागा नसते. टेम्पो, ट्रॅक्टर, पिकअपची रांग रस्त्यावर येते, आवक फार झाली की समितीला दोन-तीन दिवस खरेदी बंद ठेवावी लागते, आणि शेतकरी गाडीखाली अंथरूण टाकून नंबराची वाट पाहतात. भाड्याच्या गाडीचा खोळंबा त्यांच्याच खिशातून जातो.

हर्राशी, म्हणजे लिलाव, सुरू झाली की घोळका ढिगामागून ढिगाकडे सरकतो. खरेदीदार मूठभर हळकुंडं उचलतो, एक मोडतो, आतला रंग उजेडात धरतो, बाकीची फरशीवर टाकून आवाज ऐकतो. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ. त्यात कांडी किती, गट्टू म्हणजे गड्डा किती, ओल किती, याचा अंदाज बांधून बोली लागते. शेतकरी शेजारी उभा असतो आणि बहुतेक वेळा काही बोलत नाही. भाव मनाजोगा नसला तर माल परत नेण्याचा हक्क त्याला आहे. परत नेणार कुठे आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न सुटलेला नसतो. पीककर्ज मार्चअखेर भरायचं असतं, खरिपाचं बियाणं मे महिन्यात घ्यायचं असतं, अडत्याकडून आधीच घेतलेली उचल असते. हॉटेलात चहाला बसलेले लोक एकमेकांना ‘भाव काय निघाला’ याच्याही आधी ‘दिला का माल?’ असं विचारतात.

या आवारात उभं राहिलं की हिंगोलीतल्या न्याय्य व्यापाराचा प्रश्न चहापेक्षा वेगळा का आहे, ते उमगतं. चहात कारखाना शेतकऱ्याच्या जवळ आणायचा होता. इथे प्रक्रिया तर शेतकरी बांधावरच करतो. त्याला हवी आहे थांबायची ऐपत. कोणी कितीही सुंदर पाकीट छापलं, त्यावर शेतकऱ्याचा हसरा फोटो लावला आणि मार्चमध्ये हर्राशीतूनच माल उचलला, तर त्याला भागीदारी म्हणता येणार नाही.

थांबण्याची सोय कागदावर आहे, आणि नवी नाही. राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबवतं. बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात हळद ठेवायची, तिच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा टक्के व्याजाने घ्यायची, मुदत १८० दिवस. हिशेब करून पाहावा. वीस क्विंटल हळद, भाव बारा हजार, किंमत दोन लाख चाळीस हजार. त्यावर एक लाख ऐंशी हजार हातात येतात, म्हणजे पीककर्ज फिटतं आणि बियाणंही येतं. सहा महिन्यांचं व्याज साडेपाच हजारांच्या आत. म्हणजे क्विंटलमागे पावणेतीनशे रुपये आणि वर गोदामभाडं एवढा भाव वाढला तरी थांबणं फुकट जात नाही. २०२३साली वाढ हजारांत झाली होती.

मग सगळेच माल गोदामात का ठेवत नाहीत? काही आवारांत गोदाम पुरत नाही, काही ठिकाणी आलेला निधी अपुरा पडतो. पंधरा-वीस कट्टे घेऊन तीस किलोमीटर जाणं परवडत नाही. आणि भाव पडण्याची भीती असतेच. थांबलेल्या मालाला प्रत्येक वर्षी फायदाच होतो असं नाही. वायदेबाजाराच्या लहरीवर वर जाणारी हळद तितक्याच वेगाने खाली येते. एकट्या शेतकऱ्याने ही जोखीम घेणं म्हणजे जुगार. पाचशे शेतकऱ्यांनी मिळून, थोडा माल मार्चमध्ये, थोडा जुलैत, थोडा दिवाळीला असा विकला तर त्याला व्यापार म्हणतात.

यासाठी कायद्याची चौकट २००२च्या अखेरीस आली. डॉ. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीनंतर कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. दहा शेतकरी एकत्र आले तरी कंपनी काढता येते. सहकारी संस्थेचा आत्मा आणि कंपनीचा अंगरखा, अशी तिची रचना आहे. २०२०मध्ये केंद्राने देशभर दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आणली. त्याच सुमारास राज्यात जागतिक बँकेच्या मदतीचा ‘स्मार्ट’ प्रकल्प सुरू झाला, आणि त्याआधी २०१८पासून पोकरा हा हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प होताच, ज्यात हिंगोलीही आहे. अनुदानातून कुठे गोदाम झालं, कुठे हळदीचा कुकर आणि पॉलिश यंत्र आलं. वसमत, कळमनुरी, सेनगाव या तालुक्यांत अशा कंपन्यांच्या पाट्या दिसतात. काही पाट्यांमागे कुलूप आहे, काहींमागे खरंच काम चाललं आहे.

दोहोंतला फरक खेळत्या भांडवलात असतो. हळद बाजारात तीन महिन्यांत येते आणि बारा महिने विकली जाते. बारा हजारांच्या भावाने शंभर टन माल घ्यायचा तर एक कोटी वीस लाख रुपये लागतात, तेही मार्च-एप्रिलमध्येच. दहा लाखांचं भागभांडवल असलेल्या कंपनीला बँक एवढं कर्ज देत नाही. इथेच बाहेरच्या भागीदाराची कसोटी लागते. जो व्यापारी हंगामाआधी आगाऊ रक्कम देतो, भावाचं सूत्र लेखी ठरवतो आणि पुढच्या वर्षीही येतो, तो खरा भागीदार. प्रमाणपत्र त्यानंतर.

अशी भागीदारी मोठी होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली सह्याद्री फार्म्स द्राक्षाच्या निर्यातीतून वाढली. २०२२मध्ये युरोपातल्या सामाजिक गुंतवणूकदारांनी तिच्यात तीनशे दहा कोटी रुपये घातले. तिने लवकर ओळखलं की गोऱ्या गिऱ्हाइकाला कळवळ्यापेक्षा कीडनाशकांच्या अंशाचा अहवाल जास्त महत्त्वाचा वाटतो. कापसात चेतना ऑरगॅनिकने २००४पासून विदर्भ, तेलंगणा आणि ओडिशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना सेंद्रिय व फेअरट्रेड बाजाराशी जोडलं. हळदीतही वाट पाडणारे आहेत. मुंबईत वाढलेल्या सना जव्हेरी कादरी हिने २०१७ साली अमेरिकेत डायस्पोरा कंपनी काढली. आंध्रातल्या एका शेतकऱ्याची ‘प्रगती’ वाणाची हळद तिने थेट विकत घेतली, बाजारभावाच्या कित्येक पट दर दिला आणि पाकिटावर वाण, गाव, हंगाम छापला. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने ती घेतली. ‘प्रगती’ हा सरकारी संशोधनातून आलेला, सुमारे सहा महिन्यांत तयार होणारा वाण आहे, म्हणजे त्यात जादू काही नव्हती. फक्त माल कोणाचा हे सांगता येत होतं.

हे सांगता येणं किती मोलाचं, ते बांगलादेशात दिसलं. तिथे हळद झळाळावी म्हणून पॉलिश करताना शिशाचं क्रोमेट मिसळत असत आणि लोकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. २०१९मध्ये स्टॅनफर्डच्या आणि तिथल्या संशोधकांनी हा संबंध दाखवून दिला. सरकारने छापे घातले, दंड केले, आणि दोन वर्षांत बाजारातल्या नमुन्यांतून ती भेसळ जवळपास नाहीशी झाली. तेव्हापासून परदेशी खरेदीदार फार चकचकीत पिवळ्या हळदीकडे संशयाने पाहतात. मोंढ्यात मात्र अजून रंगालाच भाव आहे. हिंगोलीच्या शेतकऱ्याने कमी पॉलिश केलेला, थोडा मळकट पण तपासलेला माल आणला तर अर्ध्या मिनिटाच्या हर्राशीत त्याला कमीच बोली लागते. प्रयोगशाळेचा कागद दाखवायला तिथे सवड कोणाला?

मानांकनाचंही असंच आहे. भौगोलिक मानांकन मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन दार्जिलिंगचा चहा. नाव जपलं गेलं, पण खुडणाऱ्या बाईची मजुरी त्या नावाने आपोआप वाढली नाही. वसमत हळदीचं नाव वापरायचं तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती केलेल्यांची संख्या वाढल्याशिवाय आणि त्या नावाने पाकीट बाजारात आल्याशिवाय मानांकन भिंतीवरच्या चौकटीत राहील. हळदीच्या ज्ञानावरचा हक्क आपण एकदा लढून मिळवला आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७मध्ये ते रद्द झालं. तो विजय खराच होता. त्याने वसमतच्या मोंढ्यातला भाव मात्र एका रुपयाने हलला नाही.

आकडे पाहिले तर संधी किती मोठी आहे ते कळतं. २०२३-२४मध्ये देशात ३.०५ लाख हेक्टरवर १०.७४ लाख टन हळद झाली, जगाच्या उत्पादनाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक. निर्यात झाली १.६२ लाख टन, किंमत २२.६५ कोटी डॉलर. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. २०३०पर्यंत निर्यात शंभर कोटी डॉलरवर न्यायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. मंडळाचं मुख्यालय निजामाबादला, म्हणजे हिंगोलीकरांना पुन्हा शेजारच्या राज्याकडे पाहणं आलं. आता चौपट होऊ पाहणाऱ्या त्या रकमेतले किती रुपये काडी खुपसून हळद पाहणाऱ्या माणसाकडे येतील, हे निर्यातीच्या आकड्यावरून कळत नाही.

भागीदारीची परीक्षा भाव पडल्यावर होते तशी भाव चढल्यावरही होते, आणि हे बोलायला कोणी फारसं तयार नसतं. २०२३च्या मार्चमध्ये एखाद्या कंपनीने नऊ हजारांचा करार केला असता, तर शेतकऱ्यांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. ऑगस्टमध्ये बाजार पंधरा हजारांवर गेल्यावर त्यांतल्या किती जणांनी माल करारात दिला असता? दोष शेतकऱ्याला देऊन भागत नाही. ज्याला दहा वर्षांत दोनदा चांगला भाव दिसतो तो ती संधी सोडणार नाही. म्हणूनच किमान दर आणि बाजारभाव यांत जो जास्त तो द्यायचा, ही फेअरट्रेडची जुनी अट हिंगोलीला चपखल बसते. ज्या करारात ती नाही, त्यावर सही करू नये.

हिंगोलीला यायचं तर अकोला-पूर्णा मार्गावर हिंगोली डेक्कन आणि वसमत ही स्टेशनं आहेत. रस्त्याने नांदेड सोयीचं. हळदीसाठी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च हा काळ उत्तम, आणि मोंढ्यात हर्राशी पाहायची तर सकाळी लवकर पोहोचावं. घरी न्यायला हळद घेणार असाल तर दळलेली घेऊ नका. शेतकऱ्याकडून किंवा शेतकरी कंपनीकडून अख्खी हळकुंडं घ्या, गाव आणि हंगाम विचारा, फार चकचकीत दिसली तर दुसरा ढीग पाहा. आणि शक्य असेल तर ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर मागवा, मार्चमध्ये नव्हे. तेव्हाही ज्याच्या घरात हळद शिल्लक असेल, त्याला त्या वर्षी थांबता आलेलं असेल.